'मुहम्मद' पहिला आला म्हणजे नेमकं काय झालं?

इंग्लंड आणि वेल्सचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी नवजात बाळांच्या नावांची यादी प्रसिद्ध करतं. त्यानंतर आठवडाभरात ती बातमी माझ्या फोनवर दोन वेगवेगळ्या वेषांत येते. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर ती भीतीच्या वेषात असते: 'बघा, इंग्लंड गेलं. आता आपला नंबर.' आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तीच बातमी हिरव्या फुलांच्या चौकटीत, 'माशाअल्लाह'सकट. पहिल्या ग्रुपवर मी बहुतेक एकटाच मुसलमान आहे. दुसऱ्या ग्रुपवर स्प्रेडशीट उघडून बघणारा बहुतेक मी एकटाच आहे. दोन्हीकडचे लोक एकाच ओळीचा एकच अर्थ लावतात, फक्त एकाला त्याचं दुःख होतं आणि दुसऱ्याला आनंद. माझं म्हणणं असं की तो अर्थच त्या ओळीत नाही.

आधी आकडे. २०२३ साली इंग्लंड-वेल्समध्ये मुलग्यांच्या नावांत 'मुहम्मद' पहिला आला. ४,६६१ बाळांना ते नाव मिळालं आणि त्याने त्याआधी पहिल्या क्रमांकावर असलेल्या 'नोआ'ला मागे टाकलं. २०२४ सालीही तेच पहिलं राहिलं, आणि आकडा ५,७२१ वर गेला. दुसऱ्या क्रमांकावर नोआ, ४,१३९. मुलींमध्ये दोन्ही वर्षी ऑलिव्हिया. हे नाव काही अचानक उगवलं नाही. २०१६ पासून 'मुहम्मद' पहिल्या दहांत आहेच.

५,७२१ हा आकडा मोठा वाटतो, पण २०२४ साली तिथे सुमारे ५ लाख ९५ हजार बाळं जन्मली. त्यांतले मुलगे साधारण ३ लाख ५ हजार. म्हणजे पहिल्या आलेल्या नावाच्या वाट्याला शंभर मुलग्यांमागे दोनसुद्धा मुलगे आलेले नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांची नावं दुसरीच काहीतरी आहेत. 'पहिला' हा शब्द आपल्याकडे बोर्डाच्या निकालामुळे फार भारी झालाय. नावांच्या यादीत पहिला येणं म्हणजे विस्कळीत गर्दीत त्यातल्या त्यात मोठा घोळका असणं.

गर्दी विस्कळीत झाली, ही या सगळ्यातली खरी गोष्ट आहे, आणि ती समजून घ्यायला अमेरिकेची यादी जास्त उपयोगी पडते. तिचा जन्मही आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडेल असा आहे. मायकेल शॅकलफर्ड नावाचे गृहस्थ अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्यात विमागणितज्ञ होते. १९९७ साली त्यांच्या घरी बाळ येणार होतं. आयुष्यभर वर्गात दोन-चार मायकेल असण्याचा वैताग सोसलेल्या या बापाला मुलाचं नाव तरी सर्रास आढळणारं नको होतं. खात्याकडे सोशल सिक्युरिटी कार्डांच्या अर्जांचा ढिगारा होताच. त्यांनी एक साधा प्रोग्राम लिहून नावं मोजली आणि यादी सगळ्यांसाठी खुली केली. आज ते खातं १८८० पासूनच्या जन्मसालांची नावं देतं, आणि नवी यादी मे महिन्यात मातृदिनाच्या सुमारास जाहीर होते. शॅकलफर्ड पुढे जुगाराच्या खेळांचं गणित सांगणारे तज्ञ म्हणून जास्त प्रसिद्ध झाले, ते असो.

या यादीत १८८० सालाच्या ओळी बघा. शंभर मुलग्यांमागे आठ जॉन, आठ विल्यम. दोनच नावांत सोळा मुलगे संपले. मुलींत मेरी, आणि ती १९४६ पर्यंत पहिलीच राहिली. १९४७ साली 'लिंडा'ने तिला हटवलं. त्या सुमारास याच नावाचं एक गाणं घराघरांत वाजत होतं, आणि त्या एका वर्षात जवळजवळ एक लाख मुलींची नावं लिंडा ठेवली गेली. मुलग्यांत मायकेल १९६१ पासून १९९८ पर्यंत सलग पहिला. पुढे जेकब, मग नोआ, आणि २०१७ पासून लियम. पण या लियमच्या वाट्याला शंभरात एकाहून किंचितच जास्त मुलगे आहेत. जॉन जिथे आठावर होता, तिथे आजचा विजेता एकावर उभा आहे. लोकांना आपलं मूल वेगळं दिसावंसं वाटू लागलं, टीव्ही आणि सिनेमाने नवी नावं आणली, देशोदेशींची माणसं आली, आजोबाचं नाव नातवाला द्यायची सक्ती सैल झाली. 'गेम ऑफ थ्रोन्स'नंतर इंग्रज आणि अमेरिकन घरांत आर्या जन्मू लागल्या. आपल्याकडे दर गल्लीत एक आर्या आधीपासून आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

आता या विस्कळीत गर्दीत एक असा समाज आणा जो अजून एका नावाभोवती गोळा होतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत मुसलमान ६.५ टक्के होते. २०११ मध्ये ४.९ टक्के होते. हा समाज तुलनेने तरुण आहे, म्हणजे जन्मांत त्याचा वाटा थोडा जास्त असणारच. या वाढीबद्दल कोणाला बोलायचं असेल तर जनगणनेचे आकडे समोर आहेत, त्यांवर बोलावं. पण 'मुहम्मद' पहिला येण्यासाठी समाज मोठा असावाच लागत नाही. बाकीच्यांनी आपापली नावं हजार ठिकाणी वाटून घेतली आणि आपण एकाच नावावर थांबलो, एवढं पुरतं. गंमत म्हणून मी एक हिशेब केला: आजच्या 'मुहम्मद'चा हा वाटा १८८० च्या अमेरिकेच्या यादीत नेऊन ठेवला तर तो पहिल्या दहातही बसत नाही. नाव तेच, वाटा तोच, तरी क्रमांक खाली. म्हणजे 'मुहम्मद' पहिला येण्यात मोठा हात जॉन आणि विल्यम मैदान सोडून गेल्याचा आहे.

दुसरी बाब मोजणीची. सांख्यिकी कार्यालय जन्मनोंदीतलं फक्त पहिलं नाव मोजतं. आपल्या वाचकांना हे एका वाक्यात कळेल, कारण आपल्या घरांत मोहम्मद आसिफ, मोहम्मद साद, मोहम्मद इरफान असतात आणि त्यांना 'मोहम्मद' अशी हाक कोणी मारत नाही. ते नाव बरकतीसाठी पुढे लावलेलं असतं, हाकेचं नाव दुसरंच. इंग्लंडमधल्या मुसलमानांत पाकिस्तानी, बांगलादेशी आणि भारतीय वंशाची घरं खूप आहेत (आपल्या कोकणातलीही आहेत), आणि ही रीत त्यांनी सोबत नेली. त्यामुळे त्या यादीतल्या ५,७२१ मुलांपैकी पुष्कळजण शाळेच्या मैदानावर इब्राहिम, हमजा किंवा यूसुफ असणार. यादीला ते दिसत नाही. संगणकाला दिसत नाही हे तर मी रोज अनुभवतो. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक प्रणाल्या पहिल्या रकान्यातलं नाव उचलून माणसाला हाक मारतात. माझ्या एका जुन्या नोकरीत ओळखपत्रावर, ईमेलवर, वाढदिवसाच्या केकवरसुद्धा मी 'मोहम्म्' होतो, कारण दाखल्यावरच्या संक्षेपाचं पुढे काय करायचं ते कोणी ठरवलंच नव्हतं. त्याच मजल्यावर आम्ही असे तिघे होतो. एकाला पाठवलेला निरोप हमखास दुसऱ्याकडे जायचा.

मोजणीची आणखी एक गाठ स्पेलिंगची. कार्यालय प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र नाव म्हणून धरतं. इंग्रजीत 'यू' आणि 'ए' घालून लिहिलेला मुहम्मद पहिला आला. 'ओ' आणि 'ई'वाला २०२४ साली एकविसावा आणि 'ओ' आणि 'ए'वाला त्रेपन्नावा. गेली पंधराहून अधिक वर्षं तिथली काही वर्तमानपत्रं दरवेळी ही सगळी स्पेलिंगं स्वतः जोडून दाखवतात आणि सूर असा लावतात की सरकार काहीतरी लपवतंय. जोडायला माझी हरकत नाही. जोडलीत तरी शंभर मुलग्यांमागे तीनच्या आसपासच जाल. पण मग सगळ्यांचीच जोडा. अमेरिकेच्या २०२४ च्या यादीत मुलींच्या पहिल्या दहा नावांत सोफिया दोनदा आहे, एकदा 'पी-एच' घालून आणि एकदा 'एफ' घालून. दोघी एकत्र केल्या तर ऑलिव्हिया मागे पडते. 'सोफियाचं सत्य सरकार का दडवतंय?' असा मथळा माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

त्याच अमेरिकेत २०२३ साली 'मातेओ' पहिल्यांदा पहिल्या दहांत शिरला. मॅथ्यूचं स्पॅनिश रूप. त्यामागे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांची संख्या आहे, हे उघड आहे. वाढतं स्थलांतर, एकाच समाजाच्या पसंतीचं नाव, सगळं गणित 'मुहम्मद'सारखंच. नावाच्या धर्माने फरक पडतो, गणिताने नाही.

नावं धर्माच्या कुंपणात राहतच नाहीत, हे अमेरिकेइतकं कुठे दिसत नाही. तिथे पहिल्या शंभरात 'मुहम्मद' नाही, पण लैला आणि आलिया मुलींच्या वरच्या नावांत वर्षानुवर्षं आहेत. लैला तिथे पोहोचली ती एरिक क्लॅप्टनच्या १९७० च्या गाण्यामुळे, आणि ते गाणं सुचलं निजामीच्या लैला-मजनूवरून. आलिया पसरली त्याच नावाच्या गायिकेमुळे. १९९४ साली तिचा पहिला अल्बम आला आणि ते नाव पहिल्या हजारात शिरलं. २००१ मध्ये विमान अपघातात ती गेल्यावर ते आणखी वर चढलं. त्याआधी, साठ-सत्तरच्या दशकांत, काळ्या अमेरिकनांनी जमाल, मलिक, करीम, रशीद, आयशा ही नावं आपलीशी केली. त्यांतले बरेचजण ख्रिश्चनच होते आणि राहिले. गुलामगिरीत मालकाने दिलेल्या नावांपासून दूर जायचं, ही त्यामागची ओढ होती. कॅशस क्लेने १९६४ साली मुहम्मद अली हे नाव घेतलं तेव्हा वर्तमानपत्रं कित्येक वर्षं त्याला जुन्याच नावाने छापत राहिली. आणि नोआ, म्हणजे आपले नूह. एलिजा म्हणजे इलियास. जेकब म्हणजे याकूब. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर बसून गेलेला नोआ कुरआनातही आहे, हे आनंदाने फॉरवर्ड करणारा एकही चाचा मला अजून भेटलेला नाही. मेरी अमेरिकेत आज पहिल्या शंभरातही नाही, आणि इंग्लंडमध्ये पहिल्या शंभरात जी आहे ती मरियम.

मरियमवरून आठवलं. मुलग्यांत जशी एका नावावर गर्दी होते तशी मुलींत होत नाही. फातिमा, मरियम, आयशा आहेत, पण त्या एकमेकींत आणि पन्नास नव्या नावांत वाटल्या गेल्या आहेत. इंग्रजी घरांतही मुलींची नावं लवकर बदलतात, मुलग्यांची रेंगाळतात. स्टॅन्ली लीबरसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नावांच्या फॅशनवर अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यातही हा फरक येतो. माझा अंदाज साधा आहे: वंशाचं आणि परंपरेचं ओझं मुलाच्या नावावर टाकलं जातं, मुलीच्या नावाला सजावटीचं स्वातंत्र्य मिळतं. मोहल्ल्यात मुलाच्या नावाबद्दल मौलानांना विचारायला जातात, आणि मुलीचं नाव मावशी इन्स्टाग्रामवरून आणते. या स्वातंत्र्यात थोडं दुर्लक्षही आहे, हे मुलींनीच सांगावं.

इथवर यादीचं झालं. पण मला ज्या यादीची चिंता वाटते ती ही नाही.

२०१७ साली बीबीसीच्या लंडनमधल्या एका कार्यक्रमाने दोन काल्पनिक उमेदवार उभे केले. शिक्षण आणि अनुभव सारखाच, एकाचं नाव अॅडम, दुसऱ्याचं मोहम्मद. शंभर नोकऱ्यांसाठी दोघांचे अर्ज गेले. अॅडमला बारा मुलाखतींची बोलावणी आली, मोहम्मदला चार. अॅडम हेही आपलंच आदम, पण दारावरच्या माणसाला ते माहीत नसतं. शंभर अर्ज म्हणजे फार मोठा नमुना नाही, हे मान्य. मग मोठा बघू. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक अर्ज पाठवले. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्या अर्जांना दहामागे एक बोलावणं आलं, काळ्यांची वाटणाऱ्या नावांना पंधरामागे एक. त्या दुसऱ्या गटात जमाल होता, करीम होता, रशीद, हकीम होते, आयशाही होती. आयशाला सगळ्यांत कमी बोलावणी आली, शंभरात दोनच्या आसपास. एकट्या नावाच्या आकड्यावर मी फार भार देणार नाही, कारण तेवढ्या अर्जांत योगायोगही असतो. गटाच्या आकड्यात मात्र तो बहाणा चालत नाही.

हे सगळं तिकडचं, असं म्हणून सुटता येणार नाही. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हाच प्रयोग वर्तमानपत्रांत जाहिराती देणाऱ्या खासगी कंपन्यांवर केला आणि तो २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. सुमारे ४,८०० अर्ज. सवर्ण हिंदू नावाच्या उमेदवाराशी तुलना करता, तेवढ्याच पात्रतेच्या दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याची शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास, आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांशाच्या. लंडनमध्ये बाराला चार, इथे तिनाला एक. दोन देश, दोन पद्धती, आणि उत्तर जवळजवळ एकच. आपण या बाबतीत एकटे नाही, दलित मित्र आपल्या शेजारीच उभे आहेत, हेही त्या कोष्टकातच दिसतं.

या आकड्यांमुळे आपल्या मध्यमवर्गात एक नवी सवय आली आहे. पुण्या-मुंबईतल्या माझ्या पिढीच्या घरांत बाळाचं नाव निवडताना एक प्रश्न हमखास येतो: ऑफिसात चालेल का? माझ्या मुलीच्या वेळी हा प्रश्न आमच्या आपांनी विचारला. त्या शिक्षिका आहेत, आयुष्यभर हजेरी घेताना नावांचं काय होतं ते बघितलेलं. त्यांचं म्हणणं होतं, 'असं ठेव की ऐकणाऱ्याला आधी काम विचारावंसं वाटेल, मग धर्म.' म्हणून कबीर, समीर, झोया, सारा, मायरा. यांत वाईट काहीच नाही. सुंदर नावं आहेत, आणि दोन समाजांत सामायिक असणं हा नावाचा गुणच मानतो मी. मुसलमानाचं नाव अरबीच असलं पाहिजे हेही मला पटत नाही. मराठी मुलुखात आपल्या आज्यांची नावं गुलाब, हिरा, चांदबी अशी होती आणि त्यांचं काही बिघडलं नाही. हरकत आहे ती कारणाला. आवडलं म्हणून ठेवलेलं 'कबीर' आणि लपायला जागा म्हणून ठेवलेलं 'कबीर' ही एकाच स्पेलिंगची दोन वेगळी नावं आहेत. शिवाय लपणं साधतही नाही. समीरच्या पुढे शेख, मुलाणी, तांबोळी, अत्तार आलं की पुढचा माणूस पुन्हा तिथेच येतो. घर भाड्याने घेताना तर आडनावच आधी विचारतात.

इंग्लंडमधल्या आईबापांना तिथला बाजार माहीत नसेल असं मला वाटत नाही. अॅडम आणि मोहम्मदच्या प्रयोगाची बातमी त्यांच्याच देशात झाली. आणि तरीही २०२३ ते २०२४ या एका वर्षात 'मुहम्मद' तेवीस टक्क्यांनी वाढला. या वाढीत श्रद्धा आहे, रीत आहे, एकमेकांचं बघून करणंही आहे. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते: आपल्या मुलाने दार बघून नाव बदलावं, हे त्या लोकांनी मान्य केलेलं नाही. काही वर्षांनी दारात शंभरांतले दोघेतिघे मोहम्मद उभे राहिले तर दारावरच्या माणसालाही सवय होईल, असं मला वाटतं. त्याचा आकडा माझ्याकडे नाही, हे फक्त माझं मत आहे.

दाराचं काय करायचं हे मात्र मत नाही, ते करता येण्यासारखं काम आहे. २०१५ साली ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जाहीर केलं की सरकारी नोकरभरती, आरोग्यसेवा, बीबीसी आणि काही मोठ्या कंपन्या पहिल्या चाळणीत उमेदवाराचं नाव झाकून अर्ज बघतील. नाव झाकल्याने सगळा भेद जात नाही. शाळेचं नाव, पत्ता, उर्दू माध्यम, मुलाखतीत दिसणारी दाढी किंवा हिजाब, हे सगळं पुढे येतंच. पण प्रयोगांत जी गळती मोजली गेली ती पहिल्याच चाळणीतली आहे, आणि ती चाळणी आज बहुतेक कंपन्यांत सॉफ्टवेअर चालवतं. नाव, फोटो आणि वडिलांचं नाव हे तीन रकाने पहिल्या टप्प्यावर न दाखवणं हे आमच्यासाठी एका दुपारचं काम आहे. मी हे माझ्या कामाच्या ठिकाणी लेखी सुचवलं. उत्तर आलं की आमच्याकडे भेदभाव होत नाही, त्यामुळे गरज नाही. मी परत लिहिलं, होत नसेल तर रकाना झाकल्याने काहीच बिघडणार नाही. दुसऱ्या पत्राला तीन महिने लागले, पण आता आमच्या एका विभागात तसं सुरू आहे. तुमच्यातले कितीतरी जण याच क्षेत्रात आहेत, भरतीच्या समितीत बसतात. हे पत्र चार ओळींचं आहे आणि ते लिहायला कोणतंही पद लागत नाही.

आणखी एक काम घरातलं. स्पेलिंगची गाठ इंग्लंडमध्ये फक्त क्रमांक खाली-वर करते, आपल्याकडे ती माणसाला रांगेत उभं करते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, मतदारयादीत 'मो.', पासपोर्टवर पूर्ण नाव. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आहे. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, अशा बऱ्याच ठिकाणी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो. म्हणजे नगरपालिकेच्या खिडकीवर त्या दिवशी जे अक्षर लिहिलं जाईल ते मुलासोबत आयुष्यभर चालेल. नाव ठरलं नसेल तर घाई करू नका. बाळाची नोंद नावाशिवाय होते, आणि नाव नंतर घालता येतं. वर्षभरात फी न भरता, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. पण घालाल तेव्हा पूर्ण घाला. 'मोहम्म्', 'मो.' असले संक्षेप नकोत. पुढे मोहम्मद लावायचं की नाही हे आधी घरात ठरवा, आणि लावलंत तर हाकेचं नाव कोणत्या रकान्यात जाईल तेही ठरवा. इंग्रजी आणि मराठी दोन्ही अक्षरं कागदावर लिहून न्या, कारण खिडकीपलीकडचा माणूस ऐकून लिहील आणि त्याच्या कानात 'झ' आणि 'ज' एकच असेल. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा.